गुणाबाईची जागा

गुणाबाईला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा कोन गावातल्या घरून संजनाला वहिनीचा, अंकिताचा, फोन आला. वर्षश्राद्धाला सगळा गोतावळा जमणार, दारात मांडव घालणार, माईकही सांगून ठेवलाय, तेव्हा आत्याबद्दल चार शब्द तुम्हीच बोलायचे, असं अंकितानं तिला बजावलं. "तुम्हाला लहानाचं मोठं त्यांनी केलं, ताई. आम्ही काय बोलणार?" संजनानं "बोलेन की, त्यात काय एवढं," म्हणून फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

नावं पुकारणं हे तिचं रोजचंच काम होतं. पनवेलच्या जुन्या बाजारात, कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांचा एक दवाखाना होता आणि तिथल्या रिसेप्शनवर ती कितीतरी वर्षं बसत होती. उरणकडची म्हातारी माणसं, डोंगरालगतच्या वाड्यांवरून आलेल्या बाया डोळ्यांत औषध घालून, पापण्या मिटून बाकड्यांवर बसलेल्या असत. त्यांना दिसत काही नसे, पण संजनाचा आवाज खालच्या रस्त्यावरच्या गलक्यातूनही त्यांना बरोबर ऐकू जाई. राहायला ती नवीन पनवेलमध्ये होती, भाड्याच्या लहानशा घरात, एकटी. कोन तिथून रिक्षानं जाण्याइतकं जवळ. पण वडील, भाऊ, वहिनी, येणारेजाणारे यांनी गच्च भरलेल्या त्या घरात तिला स्वतःशी दोन गोष्टी करायलाही जागा मिळत नसे, म्हणून नोकरीचं निमित्त करून तिनं हे बिऱ्हाड थाटलं होतं. संध्याकाळी कुलूप उघडून आत पाऊल टाकल्यावर जी शांतता भेटे, ती तिला फार आवडायची.

आणि आता त्या शांततेत आणखी एका माणसाला जागा द्यायची असं तिनं मनाशी ठरवलं होतं. इंद्रजीत चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्या कंपनीत होता, दवाखान्यात नेहमी येई. मूळचा सांगलीकडचा, कमी बोलणारा. त्याची आता कोल्हापूरला बदली व्हायची होती आणि त्यानं तिला सरळ विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं, "आत्याचं वर्ष सरू दे. मग उत्तर देते." उत्तर ठरलेलं होतं, ते फक्त त्याला ऐकवायचं राहिलं होतं.

आत्यावर काय बोलायचं, याचा विचार करायला ती त्या संध्याकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत बसली. आत्या म्हटली की गाणंच डोळ्यांपुढे यायचं. गुणाबाई म्हणजे संजनाच्या वडिलांची, काशिरामची, थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात विधवा होऊन माहेरी परत आलेली. संजनाची आई गेली तेव्हा पोर तिच्याच पदरात पडली. बाईला दागिन्याची हौस नव्हती की लुगड्याची, हौस एकच, चारचौघींत बसून गायची. आगरी लग्नात हळदीच्या दिवशी धवलारीण गाण्याची ओळ सुरू करते आणि मागे बसलेल्या बायका ती उचलून धरतात. गुणाबाई त्या मागच्या रांगेतली. धवलारणीची जागा तिला कितीदा देऊ केली, पण ती कधी पुढे बसली नाही. गणपतीत ती घराघरांतून आरतीला उभी राही; एका घरातली संपली की पदर खोचून दुसऱ्या घराकडे धावे. संजनाला शाळेत सोडायला यायची तर प्रार्थना संपेपर्यंत कुंपणाशी उभी राहून मुलांच्या सुरात सूर मिळवायची. एकदा पनवेलच्या एसटी स्टँडवर देवदर्शनाला निघालेला अनोळखी बायकांचा घोळका भजन म्हणत बसला होता. गुणाबाई त्यांच्यात जाऊन बसली आणि गाडी निघून गेली तरी उठली नाही. लहानग्या संजनाला लाज वाटली होती. आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मात्र ती लाज कुठच्या कुठे गेली, इतका तो चेहरा सुखावलेला होता. खूप वेळ पाण्याखाली राहिलेलं माणूस वर येऊन श्वास घेतं, तसा.

हे सगळं सांगता येण्यासारखं होतं. पण भाषणाची सुरुवात आत्याच्याच एखाद्या वाक्यानं करावी, 'माझी आत्या नेहमी म्हणायची,' असं काहीतरी, हे संजनाच्या मनात आलं, आणि ती वाक्य शोधू लागली.

चहा गार झाला. वाक्य सापडेना.

तिला आधी गंमत वाटली. ज्या बाईनं आपल्याला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, तापात उशाशी बसून रात्री काढल्या, तिचं एकही वाक्य आठवू नये? तिनं तो ताप आठवला. अंगावर गोधडी, कपाळावर आत्याचा खरखरीत हात. आपण "पाणी" म्हणालो होतो, आणि त्याच क्षणी आत्याही "पाणी" म्हणाली होती. शाळेचे पाढे आठवले. ते दोघींनी मिळून म्हटले होते. आणि घरात दोघीच असल्या की, दुपारी, आत्या काय बोलायची? काहीच नाही. ती उंबऱ्याशी बसायची, मांडीवर बोटांनी हलका ठेका धरायची आणि रस्त्याकडे पाहत राहायची. शेजारीण जाताना "काय गुनाबाय, जेवलीस का?" म्हणायची, तर हीही तिच्याबरोबर "जेवलीस का?" म्हणायची; दोघी हसायच्या; शेजारीण पुढे जायची. यात काही वावगं आहे, असं कधी कुणाला वाटलं नव्हतं. संजनालाही आजवर वाटलं नव्हतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी ती कोनला गेली तेव्हा तिनं वडिलांना विचारलं. काशिराम ओटीवर मांडववाल्यांशी हुज्जत घालून नुकताच आत आला होता.

"आबा, आत्या काय म्हणायची हो नेहमी? एखादं वाक्य सांगा ना."

"काय म्हणायची म्हंजे? बोलायची की, चांगली बोलायची." काशिराम डोकं खाजवत राहिला. "आता असं बघ, मिठागरावर मी बोललो की आभाळ भरलाय, मिठाची रास झाका, तर बाय पन बोलायची, रास झाका."

"तुमच्यानंतर?"

"माज्यासंगं," काशिराम म्हणाला, आणि तसं म्हणताना तो किंचित थांबला, जणू हातातली वस्तू नेहमीपेक्षा हलकी लागली होती. मग "बायचा सभाव चांगला होता," असं काहीतरी पुटपुटत तो पुन्हा बाहेर गेला. अंकितानंही डोळे बारीक करून पुष्कळ विचार केला आणि शेवटी म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर तर खूप बोलायच्या त्या. मी जे बोलेन ते सगळं."

दुसऱ्या दिवशी पिंडदान उरकलं, पानं उठली आणि उन्हं कलायच्या आत माणसं मांडवात बसली. पलीकडच्या हमरस्त्यावरून कंटेनर धडधडत जात होते. संजना माईकपुढे उभी राहिली. आत्याच्या गाण्याच्या वेडाबद्दल जे आठवेल ते बोलली, एसटी स्टँडची गोष्ट सांगितली, लोक हसले, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आवाज जराही कापला नाही. बोलणं संपवून ती वळली तर पुढ्यात चिंधीबाई उभी होती.

चिंधीबाई म्हणजे गावची धवलारीण. पाठ वाकलेली, दात गेलेले, पण गळा शाबूत. तिच्या मागे बायका ताडपत्रीवर रांग धरून बसल्या होत्या आणि त्या रांगेच्या मधोमध एका माणसापुरती जागा मोकळी होती. मांडवात दाटी एवढी होती की पोरं बापांच्या मांडीवर बसली होती. तरी तिथं कुणी सरकलं नव्हतं.

"ये गो पोरी. बस," चिंधीबाई म्हणाली. "तुज्या आत्याची जागा हाय. वरीस झाला, आमी कुनाला बसू दिला नाय."

"चिंधीआजी, मला नाही येत गायला."

"तिला पन कुठं येत व्हता? फकस्त आमच्यासंगं ऱ्हा."

आत्यासाठी एवढं तरी करावं, असं संजनाला वाटलं. ती बसली. दोन्हीकडच्या बायकांचे खांदे तिला येऊन टेकले, घट्ट, उबदार. चिंधीबाईनं ओळ सुरू केली आणि बायकांनी उचलली. संजनाला शब्द ठाऊक नव्हते. तरी ते तिच्या तोंडून निघत गेले. पहिल्याच कडव्यात तिला जाणवलं की आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाहीये. गळा गातोय, छाती भरतेय, रिती होतेय. पण कानांवर येतोय तो सगळ्यांचा मिळून एकच आवाज, विहिरीतून वर यावा तसा, आणि त्यात आपला कुठला हे शोधायची गरजच उरलेली नाही. असं सुख तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं. गाणं थांबलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शेजारच्या बाईनं तिचा हात आपल्या हातात धरून ठेवलेला होता. तो सोडवून घ्यायला तिला थोडा जोर लावावा लागला.

दवाखान्यात परतल्यावर पहिले काही दिवस तिच्या लक्षात काही आलं नाही. मग एकदा एक गृहस्थ टेबलाशी येऊन म्हणाले, "मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं ते विचारायचंय," आणि ते बोलत असतानाच संजनाच्याही तोंडून तेच वाक्य निघालं. त्यांच्या मागोमाग नव्हे, त्यांच्याबरोबर. शब्दाला शब्द लागून, ते कुठं थांबणार आणि कुठं श्वास घेणार हे आधीच ठाऊक असल्यासारखं. गृहस्थ चपापले. संजना हसली, "सॉरी" म्हणायला गेली आणि नुसतीच हसत राहिली. डॉक्टरांबरोबर तसंच झालं. "संजना, पुढचा पेशंट पाठव," हे दोघांनी मिळून म्हटलं, तेव्हा डॉक्टर खळखळून हसले. "अगं, माझ्या मनातलं ओळखायला लागलीस की!"

मग एका सकाळी तिनं केसपेपर उचलला, नाव वाचलं, पुकारण्यासाठी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. खोकून पाहिलं. पाणी प्यायली. बाकड्यावरची माणसं मिटल्या डोळ्यांनी वाट पाहत होती. पुन्हा तोंड उघडलं. ओठ नाव घेत होते, श्वास बाहेर येत होता, आणि तो श्वासच राहत होता. तेवढ्यात कोपऱ्यातला म्हातारा शेजारच्याला सांगू लागला, "देवजी पाटील. माजा नंबर हाय आता, देवजी पाटील," आणि त्याच्या आवाजाला जोडून संजनाचा आवाज सगळ्या दवाखान्यात खणखणला, "देवजी पाटील." म्हातारा उठून आत गेला. संजना मात्र टेबलाची कड धरून बसून राहिली.

तिनं घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. काय होतंय ते मोबाईलवर लिहून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बॅटरीचा झोत टाकला आणि "म्हणा, आऽऽ" म्हणून स्वतःच लांब सूर लावला. संजनाचा 'आ' मोकळा, स्वच्छ निघाला. "काहीही झालेलं नाही तुम्हाला," ते म्हणाले, आणि तेही तिनं त्यांच्याबरोबरच म्हटलं. त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. विश्रांती घ्या म्हणाले.

घरी आल्यावर ती आरशापुढे उभी राहून स्वतःचं नाव घ्यायचा प्रयत्न करत असे. ज्या शांततेसाठी तिनं हे घर घेतलं होतं, ती आता चारी बाजूंनी तिच्यावर रेलली होती. शेजारच्या घरात टीव्ही लागला, बातम्या देणारी बाई बोलू लागली की संजना नकळत भिंतीशी जाऊन उभी राही आणि तिचा गळा मोकळा होई. पुरात अडकलेली गावं, वाढलेले भाव, कुठल्याशा मंत्र्याचा दौरा, सगळं ती भिंतीला कपाळ लावून खड्या आवाजात बोलत राही. बोलायला मिळतंय एवढ्यानंच तिला रडू येई. आपण आपलं म्हणून काही बोललेलो नाही, हे टीव्ही बंद झाल्यावर लक्षात येई.

इंद्रजीतला ती मेसेज पाठवत राहिली. घसा बसलाय, भेटू नंतर. शेवटी त्याच्या बदलीचा दिवस जवळ आला आणि भेटणं टाळता येईना. वडाळे तलावाच्या काठी संध्याकाळी माणसं फिरत होती, पाण्यावर कमळाची पानं पसरली होती. तो आधीच येऊन बसला होता.

"वर्ष झालं आत्याचं," तो म्हणाला, आणि तिनंही ते त्याच्याबरोबर म्हटलं. त्याला ते गोड वाटलं असावं, तो हसला. "मग? काय ठरवलंस?"

तिचा प्रश्नही त्याच्या प्रश्नाबरोबरच निघाला. तो थांबला. आता उत्तर तिनं द्यायचं होतं. संजनानं तोंड उघडलं. 'हो' हा केवढासा शब्द. नुसता श्वास सोडला तरी निम्मा होतो. तिनं श्वास सोडला. त्याच्या डोळ्यांत पाहत, मानेच्या शिरा ताणून तिनं पुन्हा पुन्हा तो शब्द लोटायचा प्रयत्न केला. तिनं मान हलवली, त्याचा हात धरला, घाईघाईनं पर्समधून मोबाईल काढला. पण त्यानं मोबाईलवर अलगद हात ठेवला.

"मेसेज नको. महिनाभर मेसेजच वाचतोय मी. एवढं एक तोंडानं बोल, संजना. जे असेल ते."

जे असेल ते, हेही दोघांनी मिळून म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. ही आपली थट्टा करते आहे की आपल्याला टाळते आहे, हे त्याला कळत नव्हतं. संजना जिवाच्या आकांतानं त्याच्या ओठांकडे पाहत होती. तू म्हण. एकदा तू 'हो' म्हण, गमतीनं म्हण, प्रश्न म्हणून म्हण, म्हणजे मला म्हणता येईल. त्यानं मान फिरवून पाण्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आलेले होते.

"नाही," तिचं उत्तर आपणच ओळखून तो हळूच म्हणाला.

आणि संजनाचा आवाज त्याच्या आवाजात मिसळून स्वच्छ, ठाम निघाला, "नाही."

तो उठला. तिनं त्याची बाही पकडली. त्यानं ती सोडवून घेतली, रागानं नव्हे, फार सौम्यपणे, आणि माणसांच्या रांगेत मिसळून गेला. तिनं तिथंच बसून त्याला लिहिलं, 'मला हो म्हणायचं होतं.' उशिरा उत्तर आलं. 'तुझ्या तोंडून ऐकलं तेच मी खरं मानतो. सुखी राहा.' तिनं फोन केला, तर पलीकडून तो "हॅलो, हॅलो" म्हणत राहिला आणि तीही त्याच्याबरोबर "हॅलो, हॅलो" म्हणत राहिली. त्यानं फोन ठेवला.

नोकरी सुटली, मग नवीन पनवेलची जागा सुटली. कोनच्या घरात तिला परत आलेली पाहून सगळ्यांना बरंच वाटलं. तिथं दिवसभर कुणी ना कुणी बोलत असे, आणि संजना बोलणाऱ्याच्या जवळ जाऊन बसे. अंकिता भाजी निवडता निवडता माहेरच्या गोष्टी सांगे, त्या दोघी मिळून सांगत. काशिराम सकाळी हात जोडून श्लोक म्हणे, तो दोघं मिळून म्हणत. प्रारंभी भावानं, निकेशनं, एकदा "ताई, हे काय गं तुझं?" असं विचारलं होतं; पण तो प्रश्न तिच्याही तोंडून निघाल्यावर त्याला हसू फुटलं आणि विषय तिथंच राहिला. ती भांडत नव्हती, काही मागत नव्हती, कुणाचं बोलणं तोडत नव्हती. हळदीची आमंत्रणं येत आणि बायका तिला आवर्जून बोलावून नेत. रांगेच्या मधोमध तिची जागा असे. येणाऱ्याजाणाऱ्या बायका तिच्या गालावरून हात फिरवून कौतुकानं म्हणत, "हुबेहूब गुनाबाय."

एका सकाळी ती एकटीच चिंधीबाईच्या घरी गेली. म्हातारी अंगणात मासळी उन्हात घालत होती. संजना तिच्यापुढे जाऊन उभी राहिली, तशी म्हातारीनं हात पुसले आणि तिच्याकडे बघत बसली. लिहून दाखवावं तर म्हातारीला अक्षर येत नव्हतं.

"तुला काय विचाराचा हाय, ते मना ठाव हाय," चिंधीबाई म्हणाली; दोघींनी मिळून म्हटलं. म्हातारीनं मान डोलावली. जे वाक्य या पोरीला स्वतः बोलता येत नाही, ते तिच्यासाठी आपणच उच्चारायला हवं, हे तिला कळलं असावं. ती सावकाश म्हणाली, "यातशी सुटू कशी?"

"यातशी सुटू कशी?" संजनाचा आवाज त्यात मिसळला होता, आणि तो प्रश्न असा करुण निघाला की पलीकडच्या दारातली बाई वळून बघू लागली.

मग दोघी थांबल्या. संजना म्हातारीच्या तोंडाकडे बघत होती, म्हातारी संजनाच्या. उत्तर कुणी द्यायचं होतं ते त्या क्षणी दोघींनाही कळेनासं झालं असावं. वर घार फिरत होती. चिंधीबाईनं एक हात उचलून घारीला हाकललं.

"मना नाय ठाव," दोघी म्हणाल्या.

त्यानंतर संजनानं विचारणं सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी उलव्याला जवळच्या नात्यात लग्न निघालं. सगळं घर जायचं होतं. पण संजनाचा पाय आदल्या दिवशी जिन्यावर मुरगळला आणि घोट्याला अशी सूज आली की पाऊल टेकवेना. अंकितानं हळद उगाळून लेप लावला, जेवणाचं ताट झाकून ठेवलं, "संध्याकाळी येतोच" म्हणून दोघींनी एकमेकींचा निरोप घेतला आणि गाड्या निघून गेल्या. दुपार चढली. आजूबाजूची घरंही त्याच लग्नाला गेलेली. संजना पुढच्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. दार सताड उघडं होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. इतकी शांतता तिला कितीतरी महिन्यांत मिळाली नव्हती. कधीकाळी आपल्याला ही आवडत असे, हे तिला आठवलं.

हमरस्त्याकडून वाऱ्याचा एक झोत आला, अंगणातली माती उडाली आणि दारातून आत शिरली.

"दार लाव गो. धुरला येतो आत."

संजना दचकली. शब्द मोठ्यानं, स्पष्ट आले होते आणि ते तिच्याच तोंडून आले होते. तिनं गळ्यावर हात ठेवला. गळा अजून थरथरत होता. समोर कुणी बोलत नव्हतं, टीव्ही बंद होता, मोबाईल पालथा पडलेला होता. आवाज परत आला होता. आनंदानं तिच्या अंगावर काटा आला. आता आधी इंद्रजीतला फोन लावायचा, त्याचं नाव घ्यायचं, मग तो एक शब्द, मग बाकी सगळं. तिनं मोबाईल उचलला आणि नंबर लावायच्या आधी, सराव म्हणून, त्याचं नाव घेण्यासाठी तोंड उघडलं.

नुसता श्वास बाहेर आला.

तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. मग नुसतं 'आ' करून पाहिलं. काही नाही. मोबाईल हातात तसाच धरून ती बसून राहिली, आणि आपला आवाज दुसऱ्या कुणाबरोबरच येतो, मग आत्ता तो कुणाबरोबर आला, ते हळूहळू तिच्या ध्यानात येत गेलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मागे आतल्या खोल्या होत्या आणि त्या सगळ्या रिकाम्या होत्या.

पुन्हा वारा आला. संजना उठली, भिंतीला धरत धरत, दुखरा पाय ओढत दारापर्यंत गेली आणि सांगितल्याप्रमाणे दार लावून तिनं आतून कडी घातली.